स्वस्त तिकिटामागचा हिशेब : अल्पदरी विमान कंपनीचा स्पर्धात्मक लाभ

नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस पहाडगंज हा जुना, दाटीवाटीचा भाग आहे. नूतन मराठी शाळा आणि बृहन्महाराष्ट्र भवन याच परिसरात असल्याने महाराष्ट्रातून दिल्लीस येणाऱ्यांना तो अपरिचित नाही. येथील मेन बाजारात आणि त्याला लागून असलेल्या गल्ल्यांत लहान लॉज व हॉटेले भिंतीला भिंत लावून उभी आहेत. त्यांपैकी एकाने खोलीचे भाडे उतरविले, तर शेजारचा लॉजमालक संध्याकाळपर्यंत तेच करू शकतो. त्यामुळे कमी भाडे हा येथे कोणाचाच कायमचा लाभ ठरत नाही. ज्याची खोलीमागची खर्चाची रक्कम शेजाऱ्यापेक्षा कमी आहे आणि ज्याच्या खोल्या वर्षभर भरलेल्या असतात, तोच कमी भाड्यात दीर्घकाळ तग धरतो. अर्थशास्त्रातील एक महत्त्वाचा भेद या उदाहरणातून स्पष्ट होतो. किंमत कमी असणे वेगळे आणि खर्च कमी असणे वेगळे.

पहाडगंजच्या दारातील रेल्वे स्थानकावर हाच भेद मोठ्या प्रमाणावर पाहावयास मिळतो. मुंबई राजधानी एक्सप्रेस १९७२ मध्ये सुरू झाली. ही गाडी मुंबई-दिल्ली अंतर सुमारे सोळा तासांत कापते, तर विमान ते सुमारे दोन तासांत कापते. अनेक दशके या दोहोंमध्ये स्पर्धा अशी नव्हतीच. विमानाचे तिकीट मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होते. २००३ नंतर आलेल्या अल्पदरी विमान कंपन्यांनी हे चित्र बदलले. फेब्रुवारी २०११ मध्ये याच स्थानकाच्या अजमेरी गेट बाजूपासून विमानतळापर्यंत थेट मेट्रो मार्ग सुरू झाला आणि रेल्वेचा प्रवासी व विमानाचा प्रवासी यांतील अंतर आणखी कमी झाले.

मात्र गेल्या दोन दशकांत स्वस्त तिकीट विकणाऱ्या अनेक कंपन्या बंद पडल्या, काही विलीन झाल्या आणि एक कंपनी देशातील निम्म्याहून अधिक प्रवासी वाहून नेऊ लागली. सर्वांचे इंधन तेच, विमानतळ तेच, नियमही तेच. मग हा फरक कशामुळे पडला? तसेच जो लाभ एखाद्या कंपनीला वर नेतो, तोच तिला आणि प्रवाशांना केव्हा अडचणीत आणतो? या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मक्तेदारीपासून स्पर्धेपर्यंत

१९५३ च्या हवाई महामंडळ कायद्याने देशातील विमान वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि देशांतर्गत सेवा इंडियन एअरलाइन्सकडे व आंतरराष्ट्रीय सेवा एअर इंडियाकडे आली. आर्थिक उदारीकरणाच्या ओघात १९९४ मध्ये हा कायदा रद्द झाला आणि खासगी कंपन्यांना नियमित सेवेचे दार खुले झाले. नव्वदच्या दशकातील ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त या कंपन्या फार काळ टिकल्या नाहीत. जेट एअरवेज स्थिरावली. पण तिचा ग्राहक मुख्यतः व्यावसायिक प्रवासी होता.

ऑगस्ट २००३ मध्ये कॅप्टन जी. आर. गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने बंगळूर-हुबळी उड्डाणाने अल्पदरी सेवेस प्रारंभ केला. एक रुपयाचे तिकीट, पेट्रोल पंपांवरून तिकीटविक्री, लहान शहरांना जोडणारी उड्डाणे यांमुळे या कंपनीने रेल्वेचा प्रवासी प्रथमच विमानतळावर आणला. त्यानंतर २००५ मध्ये स्पाइसजेट आणि मुंबईच्या वाडिया समूहाची गोएअर, तर ४ ऑगस्ट २००६ रोजी इंडिगो या कंपन्यांची उड्डाणे सुरू झाली. स्पाइसजेट व इंडिगो या दोन्ही कंपन्यांची मुख्यालये दिल्लीलगतच्या गुरुग्राममध्ये आहेत. देशातील अल्पदरी विमानसेवेचा मोठा भाग अशा रीतीने राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातूनच चालविला जातो.

स्पर्धात्मक लाभ म्हणजे काय?

हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल पोर्टर यांनी १९८० आणि १९८५ मधील आपल्या ग्रंथांत स्पर्धेतील यशाचे तीन मार्ग सांगितले. पहिला मार्ग खर्चातील अग्रस्थानाचा, म्हणजे तीच वस्तू वा सेवा इतरांपेक्षा कमी खर्चात निर्माण करण्याचा. दुसरा वेगळेपणाचा, म्हणजे ग्राहक अधिक पैसे देण्यास तयार होईल असे काही देण्याचा. तिसरा, बाजाराचा एक मर्यादित भाग निवडून त्यावर लक्ष केंद्रित करण्याचा. पहिल्या दोन मार्गांच्या मध्येच अडकून पडणारी संस्था दोन्हीकडून मागे पडते, असेही त्यांनी दाखवून दिले.

अल्पदरी विमान कंपनी पहिल्या मार्गाची आहे. तिचा खर्च 'प्रति आसन-किलोमीटर' या एककात मोजतात. एक आसन एक किलोमीटर नेणे, मग त्यावर प्रवासी असो वा नसो, म्हणजे एक आसन-किलोमीटर. उत्पन्न मात्र प्रत्यक्ष बसलेल्या प्रवाशाकडूनच मिळते. समजा, प्रति आसन-किलोमीटर खर्च ४ रुपये आणि प्रवाशामागे मिळणारे उत्पन्न प्रति किलोमीटर ५ रुपये आहे. अशा वेळी विमानातील ८० टक्के आसने भरली तरच ना नफा ना तोटा ही स्थिती येते. इंधन महागून खर्च ४.५० रुपये झाला, तर हेच प्रमाण ९० टक्क्यांवर जाते. तिकिटाचा दर ४.५० रुपयांवर उतरविला आणि खर्च ४ रुपयेच राहिला, तरीही सुमारे ८९ टक्के आसने भरावी लागतात. दर उतरविणे एका निर्णयाचे काम आहे. खर्च उतरविण्यास मात्र संपूर्ण संस्थेची रचना बदलावी लागते. स्पर्धात्मक लाभ या दुसऱ्या गोष्टीत असतो, कारण तिची नक्कल सहज होत नाही.

खर्च नेमका कोठे वाचतो?

अल्पदरी विमानसेवेचा मूळ नमुना अमेरिकेतील साउथवेस्ट एअरलाइन्सचा आहे. १९७१ मध्ये टेक्सास राज्यातील डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनियो या तीन शहरांदरम्यान तिची सेवा सुरू झाली. युरोपातील रायनएअर व ईझीजेट, मलेशियातील एअरएशिया आणि भारतातील कंपन्यांनी हा नमुना आपापल्या परिस्थितीनुसार स्वीकारला. त्याचे प्रमुख घटक पुढीलप्रमाणे आहेत.

पहिला घटक, एकाच प्रकारची विमाने. वैमानिकांचे प्रशिक्षण, सुटे भाग, देखभालीची साधने आणि तंत्रज्ञ सर्व एकाच प्रकारासाठी लागतात. एक विमान नादुरुस्त झाले तर दुसरे तत्काळ त्याची जागा घेऊ शकते आणि कोणताही वैमानिक कोणतेही विमान चालवू शकतो.

दुसरा घटक, विमानाचा अधिकाधिक वापर. विमान जमिनीवर उभे असले तरी त्याचे भाडे, विमा आणि कर्मचाऱ्यांचे वेतन चालूच असते. एखादे विमान दिवसात सहा उड्डाणे करीत असेल, तर त्यांच्यामध्ये पाच वेळा ते जमिनीवर थांबते. प्रत्येक थांब्यात वीस मिनिटे वाचली, तर दिवसाकाठी शंभर मिनिटे मिळतात; म्हणजे जवळजवळ आणखी एका उड्डाणाचा वेळ. गरम जेवण न देणे, विमानातच झटपट स्वच्छता करणे आणि प्रवाशांना पुढील व मागील अशा दोन्ही दारांनी उतरविणे यांमागे हाच हिशेब असतो.

तिसरा घटक, एकच वर्ग आणि अधिक आसने. ज्या एअरबस ए-३२० विमानात दोन वर्ग ठेवल्यास दीडशेच्या आसपास आसने बसतात, त्यातच एकच वर्ग ठेवल्यास १८० आसने बसविता येतात.

दुसरा व तिसरा घटक एकत्र आल्यावर काय घडते, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहता येईल. समजा, एका विमानाचा दिवसाचा स्थिर खर्च १२ लाख रुपये आहे. एक कंपनी ते आठ तास उडविते आणि त्यात १५० आसने ठेवते. तिचा तासाचा स्थिर खर्च दीड लाख रुपये, म्हणजे प्रत्येक आसनामागे १,००० रुपये होतो. दुसरी कंपनी तेच विमान बारा तास उडविते आणि त्यात १८० आसने ठेवते. तिचा तासाचा खर्च एक लाख रुपये आणि आसनामागे सुमारे ५५६ रुपये पडतो. दोन तासांच्या दिल्ली-मुंबई प्रवासात केवळ स्थिर खर्चातच आसनामागे सुमारे ८९० रुपयांचा फरक पडतो. विमान तेच, किंमत तीच. फरक केवळ वापराचा आहे.

चौथा घटक, थेट विक्री. कंपनीच्या संकेतस्थळावरून तिकीट विकले गेल्याने मध्यस्थाचे कमिशन आणि जागतिक आरक्षण प्रणालीचे शुल्क वाचते. पाचवा घटक, अतिरिक्त सेवांचे वेगळे मूल्य. खाद्यपदार्थ, आवडीचे आसन, जादा सामान यांचे पैसे ज्याला ती सेवा हवी त्याच्याकडूनच घेतले जातात.

सहावा घटक तिकिटाच्या दररचनेचा. विमानातील रिकामे आसन हे पहाडगंजमधील रिकाम्या खोलीसारखे असते. आज विकले गेले नाही, तर ते उद्यासाठी साठविता येत नाही. म्हणून लवकर तिकीट काढणाऱ्यास कमी दर आणि आयत्या वेळी येणाऱ्यास जास्त दर, अशी रचना केली जाते. या पद्धतीचा प्रभाव रेल्वेवरही पडला. सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी आणि दुरांतो गाड्यांमध्ये लवचीक भाडेपद्धती सुरू झाली. तीत सुरुवातीस दर १० टक्के जागा विकल्या गेल्यावर मूळ भाडे १० टक्क्यांनी वाढत असे आणि त्याची कमाल मर्यादा मूळ भाड्याच्या दीडपट होती.

सुरक्षितता मात्र या यादीत नाही. देखभाल, वैमानिकांची पात्रता आणि उड्डाणयोग्यता यांविषयीचे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे निकष सर्व कंपन्यांना सारखेच लागू असतात. या खात्यातील काटकसर हा लाभ नसून तो गुन्हा ठरतो.

भारतीय परिस्थितीची मर्यादा

परदेशी नमुना भारतात जसाच्या तसा लागू पडत नाही. कंपनीच्या एकूण खर्चात इंधनाचा वाटा येथे साधारणपणे एक तृतीयांश ते दोन पंचमांश असतो. विमान इंधन वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असून त्यावर राज्ये मूल्यवर्धित कर आकारतात. महाराष्ट्राने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात मुंबई व पुणे परिसरासाठी हा कर २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्याची घोषणा केली, यावरून त्याचा भार लक्षात येईल. विमानांचे भाडे व मोठ्या दुरुस्त्यांचा खर्च डॉलरमध्ये द्यावा लागतो, तर उत्पन्न रुपयांत येते. रुपयाची घसरण झाली की खर्च आपोआप वाढतो.

युरोपातील कंपन्या मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या स्वस्त विमानतळांचा उपयोग करतात. भारतीय महानगरांत असा पर्याय दीर्घकाळ नव्हता. शिवाय १९९४ च्या मार्ग वाटप मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रत्येक कंपनीला ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर यांसारख्या भागांत ठरावीक प्रमाणात सेवा द्यावी लागते. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण मार्ग निवडण्याचे पूर्ण स्वातंत्र्य कंपनीस नसते, हेही खरे.

या सर्व बाबी सर्वांना समान असल्यामुळे भारतात एका कंपनीचा खर्च दुसरीपेक्षा फार कमी होण्यास वाव थोडा राहतो. उरलेल्या मोजक्या घटकांत, म्हणजे विमानाची खरेदी, त्याचा वापर, वक्तशीरपणा आणि मनुष्यबळाची उत्पादकता यांत जो सातत्य राखतो, तोच पुढे जातो.

इंडिगोचे उदाहरण

राहुल भाटिया व राकेश गंगवाल यांनी स्थापन केलेल्या इंडिगोने एकही उड्डाण होण्यापूर्वी, जून २००५ मधील पॅरिस विमान प्रदर्शनात १०० एअरबस ए-३२० विमानांची मागणी नोंदविली. त्यानंतर २०११ मध्ये १८०, २०१५ मध्ये २५०, २०१९ मध्ये ३०० आणि २०२३ मध्ये ५०० विमानांच्या मागण्या नोंदविल्या गेल्या. एवढी मोठी मागणी एकाच उत्पादकाकडे एकाच प्रकारासाठी नोंदविली की प्रत्येक विमानावर भरघोस सवलत मिळते. लहान कंपनीस ही सवलत मिळू शकत नाही.

यापुढची पायरी विक्री व पुनर्भाडेपट्ट्याची. विमान ताब्यात येताच ते भाडेपट्टा कंपनीस विकावयाचे आणि तिच्याकडूनच साधारण सहा वर्षांसाठी भाड्याने घ्यावयाचे, अशी ही व्यवस्था आहे. सवलतीत घेतलेल्या विमानाला बाजारभाव मिळाल्याने हाती रोख रक्कम येते, कर्जाचा बोजा कमी राहतो आणि मोठी खर्चिक देखभाल सुरू होण्याआधी जुने विमान परत जाऊन नवे येते. नवे विमान इंधन कमी घेते व कमी वेळा नादुरुस्त होते. ते कमी वेळा नादुरुस्त झाल्याने वेळापत्रक पाळले जाते. वेळापत्रक पाळले गेल्याने व्यावसायिक प्रवासीही स्वस्त सेवेकडे वळतो आणि आसने भरतात. आसने भरल्याने पुढील मोठ्या मागणीचे बळ मिळते. २००६ ते २०१७ या काळात कंपनीने ए-३२० व्यतिरिक्त अन्य प्रकारचे विमान वापरले नाही. २०१२ मध्ये देशांतर्गत प्रवासी संख्येत तिने पहिले स्थान मिळविले आणि २०२३ पासून तिचा वाटा ६० टक्क्यांच्या आसपास वा त्याहून अधिक राहिला आहे.

नक्कल का साधत नाही?

वर सांगितलेले सर्व घटक उघड आहेत. मग प्रतिस्पर्धी ते का उचलत नाहीत? पोर्टर यांनी १९९६ मधील आपल्या एका निबंधात साउथवेस्टच्या उदाहरणाने याचे उत्तर दिले आहे. लाभ एखाद्या घटकात नसून घटकांच्या परस्परांशी जुळण्यात असतो. जेवण न देण्याने थांब्याचा वेळ वाचतो. थांब्याचा वेळ वाचल्याने उड्डाणे वाढतात. उड्डाणे वाढल्याने तिकीट स्वस्त ठेवता येते. आणि तिकीट स्वस्त असल्याने प्रवासी जेवणाची अपेक्षा करीत नाही. यातील एकच कडी उचलणाऱ्यास साखळी मिळत नाही. अमेरिकेतील कॉन्टिनेन्टल कंपनीने १९९३ मध्ये पूर्ण सेवा कायम ठेवून 'कॉन्टिनेन्टल लाइट' ही स्वस्त शाखा काढली. दोन्ही पद्धतींचा खर्च अंगावर पडून ती १९९५ मध्ये बंद करावी लागली.

भारतातही हेच घडले. एअर डेक्कनचे दर कमी होते, पण एअरबस व एटीआर अशी दोन प्रकारची विमाने आणि झपाट्याने झालेला विस्तार यांमुळे खर्च त्या प्रमाणात कमी झाला नाही. २००७ मध्ये तिचा मोठा हिस्सा किंगफिशरने घेतला. आलिशान सेवा आणि अल्पदरी सेवा एकाच छत्राखाली चालविण्याचा तो प्रयोग फसला आणि २०११ मध्ये किंगफिशरने अल्पदरी सेवेतून माघार घेतली. ऑक्टोबर २०१२ मध्ये तिची सर्व उड्डाणे थांबली. प्रवाशांनी आगाऊ भरलेले पैसे आणि कर्मचाऱ्यांचे थकलेले वेतन हा अशा अपयशाचा सामाजिक खर्च असतो.

लाभ टिकविण्यासाठी शिल्लक हवी

लाभ मिळविणे आणि तो टिकविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिळविण्यासाठी प्रत्येक मिनिट व प्रत्येक मनुष्य पूर्ण वापरावा लागतो. टिकविण्यासाठी मात्र काही मिनिटे, काही माणसे आणि काही पैसा राखून ठेवावा लागतो. अलीकडील दोन घटनांतून हे स्पष्ट होते.

पहिली घटना गो फर्स्टची. गोएअरने २०२१ मध्ये हे नाव धारण केले. मे २०२३ मध्ये तिने उड्डाणे थांबवून दिवाळखोरी संहितेखाली अर्ज केला आणि प्रॅट अँड व्हिटनी कंपनीच्या इंजिनांमधील दोषामुळे निम्म्या विमानांना जमिनीवर राहावे लागल्याचे कारण दिले. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने तिच्या अवसायनाचा आदेश दिला. याच उत्पादकाच्या इंजिनांमुळे इंडिगोचीही सत्तरहून अधिक विमाने २०२४ च्या सुमारास उभी होती. परंतु मोठा ताफा, हाताशी असलेली रोकड, जुन्या विमानांच्या भाडेपट्ट्यांना दिलेली मुदतवाढ आणि बाहेरून भाड्याने घेतलेली विमाने यांच्या आधाराने ती कंपनी तरली. आघात एकाच प्रकारचा होता. शिल्लक वेगवेगळी होती.

दुसरी घटना मोठ्या कंपनीचीच मर्यादा दाखविणारी आहे. वैमानिकांचा थकवा कमी व्हावा म्हणून महासंचालनालयाने कामाच्या वेळेचे सुधारित नियम लागू केले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेण्यात आली आणि रात्रीच्या वेळी विमान उतरविण्याची मर्यादा सहावरून दोनवर आणण्यात आली. या नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आला. प्रत्येक वैमानिकाचा जवळजवळ पूर्ण वापर करणाऱ्या वेळापत्रकात या बदलास पुरेशी जागा नव्हती. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. इतर मार्गांवरील दर वाढू लागल्याने शासनाला कमाल भाडे ठरवून द्यावे लागले, रेल्वेने अनेक गाड्यांना जादा डबे जोडले, नव्या नियमांतील काही तरतुदींतून कंपनीस तात्पुरती सूट द्यावी लागली आणि तिच्या वेळापत्रकात १० टक्के कपात करण्यात आली. विमानाच्या वेगावर विसंबून परीक्षा, मुलाखत वा उपचार यांसाठी निघालेल्या प्रवाशांना पुन्हा रेल्वे स्थानकाची वाट धरावी लागली.

यातील बोध केवळ एका कंपनीपुरता नाही. काटकसर एका मर्यादेपर्यंत कार्यक्षमता असते. त्या मर्यादेपलीकडे ती जोखीम बनते. वैमानिकाची विश्रांती हा वाया गेलेला वेळ नसून सुरक्षिततेचा खर्च आहे. असा खर्च वेळापत्रक आखतानाच गृहीत धरावा लागतो.

कंपनीपुढे आणखी एक प्रश्न आहे. इंडिगोने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली-मुंबई मार्गावर व्यावसायिक वर्ग सुरू केला, २०२४ मध्येच मोठ्या ए-३५० विमानांची मागणी नोंदविली आणि जुलै २०२५ पासून भाड्याच्या बोइंग ७८७ विमानांनी युरोपात उड्डाणे सुरू केली. यातून नवे उत्पन्न मिळू शकते. परंतु एकच प्रकार व एकच वर्ग ही लाभाची मूळ साखळी सैल होण्याचा धोकाही त्यात आहे. पोर्टर यांनी दिलेला मध्येच अडकण्याचा इशारा यशस्वी कंपनीलाही लागू पडतो.

शासनाची भूमिका

शासनापुढील उद्दिष्टे तीन आहेत : प्रवास परवडावा, तो देशाच्या सर्व भागांत पोहोचावा आणि बाजारात स्पर्धा टिकावी.

प्रादेशिक जोडणीसाठी २०१६ मध्ये 'उडान' योजना आली. २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला-दिल्ली उड्डाणाबरोबरच नांदेड-हैदराबाद उड्डाणाचाही प्रारंभ झाला. ठरावीक आसनांसाठी तासाभराच्या प्रवासाचे भाडे सुमारे २,५०० रुपयांवर मर्यादित ठेवावयाचे आणि कंपनीची तूट तीन वर्षे व्यवहार्यता तूट निधीतून भरून काढावयाची, अशी ही रचना आहे. या योजनेने अनेक लहान विमानतळ जागे केले. तथापि नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ मधील अहवालानुसार तिसऱ्या टप्प्यापर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच होऊ शकले नाहीत आणि सुरू झालेल्या ३७१ पैकी केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली. पुन्हा तोच भेद येथे दिसतो. अनुदानाने तिकिटाचा दर कमी होतो, सेवेचा खर्च कमी होत नाही. म्हणून अनुदानाच्या मुदतीत प्रवासी संख्या वाढविणे, लहान विमानतळावरील सुविधा पूर्ण करणे आणि राज्यांनी इंधनावरील कर कमी ठेवणे ही कामे सोबतच झाली पाहिजेत.

स्पर्धेच्या बाबतीत स्थिती नाजूक आहे. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटा समूहाकडे गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा तीत विलीन झाली. परिणामी २०२५ मध्ये देशांतर्गत प्रवाशांपैकी सुमारे नव्वद टक्के प्रवासी दोनच समूहांकडे होते. स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ४ नुसार वर्चस्व असणे हा दोष नाही. वर्चस्वाचा गैरवापर हा दोष आहे. कार्यक्षमतेने मिळविलेल्या आघाडीबद्दल शिक्षा देणे योग्य नव्हे, पण नव्या कंपनीसाठी दार उघडे ठेवणे हे शासनाचे कर्तव्य आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झालेल्या अकासा एअरसारख्या कंपनीस गर्दीच्या विमानतळांवर उतरण्या-उडण्याच्या वेळा मिळणे, भाडेपट्ट्याने विमाने सहज उपलब्ध होणे आणि इंधनावरील करात सुसूत्रता येणे या गोष्टी त्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. गो फर्स्टच्या प्रकरणात भाडेपट्टा कंपन्यांना आपली विमाने परत मिळविण्यास विलंब झाला होता. विमाने व इंजिने यांमधील हितसंबंधांच्या संरक्षणासाठी २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने केपटाउन करारास देशांतर्गत कायद्याचे बळ दिले. भाडेपट्ट्यावरील जोखीम कमी झाली की नव्या कंपनीला विमान स्वस्त दराने मिळू शकते. मुंबई व दिल्ली परिसरातील क्षमतेच्या प्रश्नाकडेही याच दृष्टीने पाहावे लागेल. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी उड्डाणे सुरू झाल्याने मुंबई परिसरातील वेळांची टंचाई कमी होण्यास मदत होणार आहे.

समारोप

अल्पदरी विमान कंपनीच्या स्पर्धात्मक लाभाचे सार तीन विधानांत मांडता येईल. स्वस्त दर हा लाभाचा परिणाम असतो. त्याचे कारण प्रति आसन-किलोमीटर कमी खर्च हे असते. कमी खर्च एका युक्तीतून येत नाही. परस्परांशी जुळणाऱ्या अनेक निर्णयांतून तो येतो आणि म्हणूनच त्याची नक्कल कठीण असते. असा लाभ टिकवावयाचा तर रोकड, मनुष्यबळ आणि वेळ यांची शिल्लक ठेवावी लागते; ती ठेवण्याचा खर्च जी कंपनी नाकारते, तिच्या वतीने तो अखेरीस प्रवासी आणि शासन भरतात. विमान प्रवास ही चैन राहिलेली नसून ती आता सार्वजनिक सोय झाली आहे. तेव्हा तिकीट किती स्वस्त आहे एवढेच न पाहता, त्या तिकिटावरचे विमान उद्याही वेळेवर निघेल अशी व्यवस्था आहे का, हे पाहणे हाच या क्षेत्राच्या मूल्यमापनाचा योग्य निकष ठरेल.